भूमध्य समुद्राकाठची तीन शहरे व तेथील घरांचा प्रश्न

भूमध्य समुद्राचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस इतिहास व भूगोल या दोन्ही पुस्तकांतून ठाऊक असते. ग्रीक व रोमन लोकांची गलबते, सिकंदराने वसविलेले अलेक्झांड्रिया, ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेले नेपल्स, १८६९ साली खुला झालेला सुएझचा कालवा, या गोष्टी परीक्षेपुरत्या तरी प्रत्येकाच्या तोंडी असतात. परंतु ज्या शहरांची नावे आपण नकाशात दाखवितो त्या शहरांत माणसे राहतात कोठे, त्यांस घर कसे मिळते, आणि मिळालेले टिकते की नाही, हा विषय पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. वस्तुतः बंदर, किल्ला व देवालये यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, शहर हे दिवसभर श्रम करून रात्री पाठ टेकावयाच्या खोल्यांचे बनलेले असते. म्हणून या अंकात त्या समुद्राच्या काठावरील बार्सिलोना, अथेन्स व मार्सेलिस या तीन शहरांची घरांच्या दृष्टीने थोडी ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या किनाऱ्याची ठेवण लक्षात घेतली पाहिजे. भूमध्य समुद्राच्या उत्तर तीरावर डोंगर पुष्कळ ठिकाणी पाण्याच्या अगदी जवळ येऊन ठेपले आहेत आणि मधली सपाट पट्टी अरुंद आहे. बार्सिलोनाच्या पुढे समुद्र, पाठीशी कोल्सेरोलाची डोंगररांग, आणि दोन बाजूंस बेसोस व योब्रेगात या नद्या. एवढ्या चौकटीत, सुमारे १०० चौरस किलोमीटर जागेत, सोळा लाखांहून अधिक लोक राहतात. अथेन्सच्या बहुतेक बाजूंस पर्वत असून समुद्राकडे पिरेयस हे त्याचे बंदर आहे. मार्सेलिसभोवती चुनखडीच्या उघड्या टेकड्यांचे कडे आहे. दक्षिण तीरावरील अलेक्झांड्रियाची अडचण थोडी निराळी; तेथे पुढे समुद्र व मागे मार्युत सरोवर असून दोहोंमधल्या लांबट पट्टीवर शहर वसले आहे. पठारावरील शहर चारी दिशांस पसरू शकते. या शहरांस ती सोय नाही. मुंबईत वाढलेल्या वाचकांस हे अधिक फोड करून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अशी की, बंदराच्या शहरात माणसांचा लोंढा एकाएकी येतो. केवळ जन्ममृत्यूच्या हिशेबाने वाढणारे गाव हळूहळू वाढते व त्याची घरेही त्याच्याबरोबर वाढतात. परंतु बंदरात कधी गिरण्या निघाल्या म्हणून, कधी दूर कोठे युद्ध झाले म्हणून, कधी एखादे राज्य उलथले म्हणून, हजारो माणसे एका वर्षात, क्वचित एका उन्हाळ्यात, येऊन उतरतात. घर मात्र एका उन्हाळ्यात उभे राहत नाही. त्यास जागा, पाणी, गटार, रस्ता व पैसा ही सर्व लागतात. माणूस येण्याची वेळ व घर होण्याची वेळ यांतील या अंतरातूनच खोल्यांतील दाटी, किनाऱ्यावरील झोपड्या व चढे भाडे ही तिन्ही संकटे निपजतात. हे अंतर भरून काढण्यासाठी या तीन शहरांनी काय केले, आणि जे केले ते पुढे कसे राखले, हे आता क्रमाने पाहू. आमच्या मते खरा बोध या दुसऱ्या गोष्टीतच आहे. घर बांधणे हे निम्मे काम. ते राहणाऱ्यांसाठी राखणे हे उरलेले निम्मे.

बार्सिलोनापासून आरंभ करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर जुन्या तटाच्या आत कोंडलेले होते. तटाबाहेर तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यात कोणी घर बांधू नये असा लष्करी नियम असल्यामुळे बाहेरची सपाट जमीन मोकळी पडलेली, आणि आत मात्र दीड लाखाहून अधिक माणसे दाटीने राहत असत. त्यातच १८३० नंतर वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कापडाच्या गिरण्या निघाल्या व खेड्यांतून मजूर येऊ लागले. घरावर मजला, मजल्यावर पुन्हा मजला, असे करीत गल्ल्यांत ऊन पोचेनासे झाले. १८३४ साली व पुन्हा १८५४ साली पटकीची साथ आली. अखेर १८५४ साली तट पाडण्यास परवानगी मिळाली, आणि ज्या भिंतींनी शत्रूस बाहेर ठेवावयाचे त्यांनी हवा बाहेर ठेविली होती, हे लोकांच्या ध्यानात आले.

या वेळी इल्देफॉन्स सेर्दा नावाचा एक इंजिनिअर पुढे आला. वारशाने आलेले धन असूनही त्याने सरकारी नोकरी सोडून आपले आयुष्य शहरांच्या अभ्यासास वाहिले. तो प्रथम नकाशा काढावयास बसला नाही. तो प्रथम मोजावयास निघाला. मजुराचे वेतन किती, त्यातील भाड्यात किती जाते, अन्नात किती, एका माणसाच्या वाट्यास खोलीतील हवा किती येते, हे सर्व त्याने कोष्टके करून मांडले. श्रीमंतांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३६ वर्षे व गरीब मजुरांचे सुमारे २३ वर्षे असा हिशेब त्याने दाखविला. एकाच शहरात, एकाच हवामानात राहणाऱ्या दोन माणसांच्या आयुष्यात तेरा वर्षांचा फरक घर, अन्न व श्रम यांमुळे पडतो, हे त्या आकड्यांचे तात्पर्य होय. गणित हा रुक्ष विषय आहे अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

१८५९ साली माद्रिदच्या सरकारने सेर्दाची आखणी मंजूर केली. नगरपालिकेने दुसऱ्याच एका शिल्पज्ञाची योजना पसंत केली होती, त्यामुळे स्थानिक मंडळी त्याच्यावर रुष्टच राहिली. त्याने तटाबाहेरच्या सर्व मैदानावर सारख्या चौकोनांचे जाळे आखले. प्रत्येक चौकोनाची बाजू ११३ मीटर, रस्ते २० मीटर रुंद, आणि चौकोनांचे कोपरे छाटलेले, म्हणजे वळणावर वाहनांस जागा व माणसांस दृष्टी मिळावी. मुख्य गोष्ट पुढेच आहे. बहुतेक चौकोनांच्या दोनच बाजूंस घरे बांधावी व मधली सर्व जागा बाग म्हणून मोकळी ठेवावी, घरे फार उंच करू नयेत, श्रीमंत व मजूर यांच्या वस्त्या निरनिराळ्या पाडू नयेत, असा त्याचा हेतू होता. प्रत्येक खोलीस दोन्ही अंगांनी हवा व ऊन मिळावे यासाठी ही सारी खटपट होती.

आज बार्सिलोनास जाणारा प्रवासी तो 'एशांप्ला', म्हणजे 'विस्तार', नावाचा भाग पाहून त्याची स्तुती करितो, आणि रस्त्यांपुरती ती स्तुती योग्यच आहे. परंतु चौकोनांच्या आत काय झाले? जमीन खाजगी मालकांची होती, व मोकळी जागा म्हणजे बुडालेले भाडे असे मालकांस वाटे. प्रथम दोनऐवजी चारी बाजूंस घरे झाली. मग आतल्या बागेच्या जागी गोदामे व कारखाने आले. पुढे वेळोवेळी नियम सैल करून मजले चढविण्यात आले. नकाशावरील रेषा राहिल्या. नकाशामागील हेतू मात्र मालकांच्या हिशेबात जिरून गेला. सेर्दा १८७६ साली जवळजवळ निष्कांचन स्थितीत वारला. गेल्या काही दशकांत नगरपालिकेने यांपैकी काही चौकोनांतील मधली जागा परत मिळवून तेथे लहान लहान बागा केल्या आहेत. पण गेलेले परत मिळविण्यास किती काळ लागतो हेही त्यावरून दिसते.

मजुरांस या नव्या भागात फारशी जागा मिळालीच नाही. विसाव्या शतकात स्पेनच्या दक्षिणेकडील दुष्काळी मुलखांतून लाखो माणसे कामासाठी बार्सिलोनास आली. त्यांपैकी कित्येकांनी मोंजुइकच्या टेकडीवर व सोमोरोस्त्रोच्या वाळूत फळ्या, पत्रे व विटा जमवून झोपड्या घातल्या. वादळ झाले म्हणजे समुद्राचे पाणी सरळ घरात येई. सोमोरोस्त्रोची ही वस्ती १९६६ साली पाडण्यात आली व माणसे शहराबाहेरील घाईघाईने बांधलेल्या इमारतींत हलविण्यात आली. त्याच किनाऱ्यापासून जवळच १९९२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी नवी वसाहत उठली आणि जुने कारखाने जाऊन स्वच्छ पुळणी झाल्या. या शहराची पुढील कथा आम्ही थोडी राखून ठेवितो; तत्पूर्वी दुसऱ्या दोन शहरांकडे वळणे अवश्य आहे.

अथेन्सची गोष्ट निराळी आहे. तेथे गिरण्यांनी नव्हे तर युद्धाने माणसे आणली. १९२२ साली आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा पराभव झाला, स्मर्ना शहर आगीत सापडले, आणि तेथील ग्रीक ख्रिस्ती लोक मिळेल त्या बोटीने पळाले. १९२३ च्या जानेवारीत लोझान येथे झालेल्या कराराने ग्रीस व तुर्कस्थान यांनी एकमेकांच्या देशांतील धर्मभिन्न प्रजेची सक्तीने अदलाबदल केली. त्यात ग्रीसमधील लाखो मुसलमानांसही आपली घरे सोडून तुर्कस्थानात जावे लागले. १९२८ च्या खानेसुमारीत ग्रीसमध्ये बारा लाखांहून अधिक निर्वासित मोजले गेले. मूळ देशाची वस्तीच पन्नास लाखांच्या आसपास होती. म्हणजे चौघांच्या घरात पाचवा माणूस येऊन उभा राहिला असे म्हणण्यास हरकत नाही. अथेन्सच्या नगरनाट्यगृहात प्रेक्षकांसाठी केलेल्या कोठड्यांतून एकेका कुटुंबाने बिऱ्हाड मांडले. शाळा, गोदामे व देवळे भरून गेली.

राष्ट्रसंघाच्या साह्याने निर्वासितांच्या पुनर्वसनाचे मंडळ स्थापन झाले व शहराभोवती नव्या वस्त्या वसल्या. त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. नेआ स्मिर्नी म्हणजे नवे स्मर्ना, नेआ योनिया म्हणजे नवे आयोनिया. घर गेले तरी गावाचे नाव लोकांनी बरोबर आणले होते. तथापि सर्वांस पुरतील इतकी घरे सरकारास बांधता आली नाहीत, आणि पुढे महायुद्ध व यादवी यांनी देशाची तिजोरी पार रिकामी केली. त्यानंतर खेड्यांतून आणखी लोक आले. १९५१ साली अथेन्स व त्याची उपनगरे मिळून सुमारे चौदा लाख वस्ती होती. १९८१ साली ती तीस लाखांवर गेली. एवढ्या लोकांस घरे कोणी दिली?

याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. सरकारने दिली नाहीत, पेढ्यांनीही फारशी दिली नाहीत. लोकांनी आपसांत सौदे करून ती उभी केली. १९२९ साली ग्रीसमध्ये असा कायदा झाला की, एका इमारतीतील निरनिराळी बिऱ्हाडे निरनिराळ्या मालकांची असू शकतील. त्याच्या आधारावर पुढे 'आंतिपारोही' नावाची वहिवाट पडली. ज्याच्याजवळ लहानसे जुने घर व अंगण आहे, पण पैसा नाही, तो आपली जागा बांधकाम करणाऱ्यास देई. बांधकाम करणारा तेथे पाचसहा मजल्यांची इमारत उठवी, काही बिऱ्हाडे जागेच्या मोबदल्यात मूळ मालकास देई, आणि उरलेली विकून आपला खर्च व नफा काढी. हल्ली मुंबईपुण्याकडे जुन्या इमारतींचा पुनर्विकास ज्या रीतीने होतो तिच्याशी ही रीत पुष्कळ जुळते. अशा इमारतीस ग्रीक लोक 'पोलिकातिकिया' म्हणतात. शब्दाचा अर्थ केवळ 'अनेक बिऱ्हाडांचे घर' एवढाच आहे.

या युक्तीने फार मोठे काम झाले हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. असंख्य सामान्य कुटुंबे भाडेकरूची मालक झाली. एकाच जिन्यावर वरच्या हवेशीर मजल्यावर वकील, मधल्यावर कारकून आणि तळघरात नुकताच खेड्यातून आलेला मजूर, असे निरनिराळ्या स्थितीचे लोक राहू लागले, व त्यामुळे श्रीमंत आणि गरीब यांच्या वस्त्या इतर काही शहरांइतक्या तुटक पडल्या नाहीत. परंतु प्रत्येक सौदा दोघांपुरता होता. त्यात तिसरा पक्ष जो शहर, त्याच्यातर्फे बोलणारा कोणी नव्हता. एकमजली घरांसाठी पाडलेल्या अरुंद रस्त्यांवर सहामजली इमारती आल्या. अंगणे गेली, झाडे गेली. इलिसोस नदी, जिचे नाव तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत आढळते, तिचे पात्र बऱ्याच भागात रस्त्याखाली झाकून टाकण्यात आले. उन्हाळ्यात भिंती दिवसभर तापतात व रात्री ती ऊब बाहेर टाकतात, आणि तळमजल्यावरील म्हाताऱ्या माणसास खिडकी उघडूनही वारा मिळत नाही. घर प्रत्येकाचे झाले; बाग, ओढा व सावली मात्र कोणाचीच न राहिल्यामुळे गेली.

आता मार्सेलिसकडे वळू. हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी याच बंदरात उडी टाकली होती. सुएझचा कालवा झाल्यावर मुंबईहून विलायतेस जाणारे पुष्कळ उतारू येथे उतरून पुढे आगगाडीने जात. इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षे ग्रीक खलाशांनी वसविलेले हे शहर कायमच परक्यांस पोटात घेत आले आहे. इटालियन, आर्मेनियन, कोर्सिकन, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अरब, असे लोक एकामागून एक येथे उतरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या आरंभी, जर्मन सैन्याने जुन्या बंदराच्या उत्तरेचा दाट भाग सुरुंग लावून उडविला व वीस हजारांवर रहिवासी तेथून हाकलले गेले. पुढे १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील युरोपीय वंशाचे लाखो लोक फ्रान्सकडे निघाले व त्यांतील फार मोठा भाग त्या एका उन्हाळ्यात याच धक्क्यावर उतरला.

युद्धानंतर घरांची टंचाई भागविण्याकरिता मार्सेलिसमध्ये एक प्रसिद्ध प्रयोग झाला. ल कोर्ब्युझिए या शिल्पज्ञाने १९४७ ते १९५२ या काळात काँक्रीटच्या खांबांवर उभी असलेली ३३७ बिऱ्हाडांची एक प्रचंड इमारत बांधली. तिच्यात दुकाने, आणि वर गच्चीवर मुलांची शाळा व खेळावयास जागा. पुढे चंडीगढची आखणी करणारा तो हाच. ती इमारत आजही नीट राखलेली आहे. परंतु तिचे बाह्य रूप पाहून शहराच्या उत्तर भागात १९६० नंतर ज्या मोठाल्या वसाहती स्वस्तात व घाईने उठल्या, त्यांत उंची तेवढी घेतली. दुकाने, शाळा, शहराशी जोडणारी वाहने व नित्य देखभाल ही मागेच राहिली.

तथापि मार्सेलिसचा मोठा धडा नव्या इमारतींत नसून जुन्यांत आहे. शहराच्या मध्यभागी नोआय नावाची वस्ती आहे. तेथील जुनी घरे अरुंद असून समोरून तीन खिडक्यांची असतात. त्यांच्या लाकडी तुळया एका सामायिक भिंतीपासून दुसऱ्या सामायिक भिंतीपर्यंत जातात. म्हणजे ओळीतील प्रत्येक घर शेजाऱ्यास धरून उभे असते. आता एखाद्या घराचे छप्पर गळू लागले, किंवा गटाराचे पाणी पायात मुरू लागले, तर काय होते पाहा. भिंतीत रोवलेली तुळईची टोके ओलाव्याने कुजतात, भिंतीतील चुना विरघळतो, भिंत फुगते, दारे अडकू लागतात, आणि गिलाव्यास लांब भेगा जातात. ही सर्व घराची बोलण्याची रीत होय. जो ऐकेल त्यास ते महिनोन्‌महिने अगोदर सांगत असते.

५ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी त्या वस्तीतील ओबान्य रस्त्यावरील दोन घरे कोसळली व आठ माणसे ठार झाली. त्यांतील एक घर रिकामे व बंद होते; ते एका सार्वजनिक संस्थेच्या मालकीचे होते. माणसे होती ती शेजारच्या घरात. हा प्रकार एकाएकी झाला असे म्हणता येत नाही. सरकारने मागविलेल्या २०१५ सालच्या एका अहवालात, मार्सेलिसमधील चाळीस हजारांवर घरे तेथे राहणाऱ्यांच्या आरोग्यास अथवा जिवास धोका होईल अशा स्थितीत असून सुमारे एक लाख माणसे त्यांत राहतात, असे स्पष्ट लिहिले होते. अपघातानंतर नगरपालिकेने धोक्याच्या घरांतून हजारो लोकांस बाहेर काढले. कित्येकांस फार दिवस हॉटेलांच्या खोल्यांत काढावे लागले. खटला चालून जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने काहींस दोषी ठरविले. परंतु मेलेल्या आठ जणांपुरता न्यायाचा तो दिवस फार उशिरा आला. ज्यांस दुसरीकडे भाडे देण्याची ऐपत नसते तेच भेगा पडलेल्या घरात राहतात, व त्यांचेच म्हणणे सर्वांच्या शेवटी ऐकले जाते.

आता पुन्हा बार्सिलोनास येऊ. १९९२ च्या सामन्यांनंतर त्या शहराची कीर्ती जगभर पसरली व पाहुण्यांची रीघ लागली. पाहुणे आले म्हणजे रोजगार येतो. हॉटेलवाला, मोटारवाला, खानावळवाला या सर्वांचे त्यावर चालते. यात गैर काही नाही. परंतु इंटरनेटमुळे कोणासही आपले राहते बिऱ्हाड चार रात्रींसाठी परदेशी पाहुण्यास देणे सोपे झाले, तेव्हा एक नवीनच हिशेब सुरू झाला. महिनाभर राहणारे कुटुंब जेवढे भाडे देते तेवढे पाहुणे थोड्या रात्रींत देऊन जातात. मग मालकाने कुटुंबास का ठेवावे? एकाच जिन्यातील दोन बिऱ्हाडे पाहुण्यांची झाली की उरलेल्यांचे भाडे चढते, वाण्याचे दुकान जाऊन तेथे आठवणीच्या वस्तूंचे दुकान येते, शाळेतील पट कमी होतो. भिंती जागच्या जागी असतात, छप्पर गळत नाही, आणि तरीही शहरातील एक घर नाहीसे झालेले असते.

दहा वर्षांत भाडी सुमारे ६८ टक्के वाढली असे सांगून तेथील महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की, पाहुण्यांच्या बिऱ्हाडांचे १०,१०१ परवाने आहेत, त्यांची मुदत नोव्हेंबर २०२८ मध्ये संपल्यावर ती वाढविली जाणार नाही. ज्या कायद्याच्या आधारावर हे ठरले तो स्पेनच्या घटनान्यायालयाने २०२५ साली कायम केला. मार्च २०२४ पासून तेथे भाड्यावर सरकारी मर्यादाही आहे. परंतु नियम आला की पळवाटही येते. कित्येक मालक वर्षाच्या कराराऐवजी काही महिन्यांचे 'हंगामी' करार करू लागले. अथेन्सनेही २०२५ च्या आरंभापासून शहराच्या मध्यभागातील तीन विभागांत अशा बिऱ्हाडांचे नवे परवाने बंद केले. ग्रीसमध्ये २०१३ पासून अडीच लाख युरोंचे घर घेणाऱ्या परदेशी धनिकास राहण्याचा परवाना मिळत असे; अथेन्सच्या परिसरासाठी ती रक्कम २०२४ साली आठ लाखांपर्यंत वाढविण्यात आली.

येथे मालकाची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आमचे विवेचन एकांगी होईल. २०१० च्या सुमारास ग्रीस देश कर्जात बुडाला, निवृत्तिवेतने कापली गेली, घरांवर नवे कर बसले. ज्या म्हाताऱ्या जोडप्यापाशी वाडवडिलांच्या जागेच्या मोबदल्यात मिळालेले एक जादा बिऱ्हाड होते, त्यांस पाहुण्यांच्या भाड्याने दोन घास मिळाले. अशा माणसास लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. दोष एका मालकाचा नसतो. एकाने जे गरजेपोटी केले तेच हजारांनी केल्यावर शहराचे काय होईल, याचा विचार करणे ज्यांचे काम होते त्यांनी तो वेळेवर केला नाही, ही खरी चूक. त्यात स्पेनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तेथे सरकारी साह्याने घरे पुष्कळ बांधली गेली, पण ती बहुतेक विकत देण्यासाठी. ठराविक वर्षे लोटली की ती बाजारात मोकळी होत. त्यामुळे गरिबास माफक भाड्याने देण्यासारखी घरे सरकारच्या हाती फार थोडी उरली. स्पेनच्या १९७८ सालच्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात प्रत्येक नागरिकास योग्य घराचा हक्क आहे असे लिहिले आहे. परंतु हक्क लिहिणे व त्यासाठी घरे राखून ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

या तिन्ही शहरांच्या वृत्तान्ताचा मेळ आता घालता येईल. बार्सिलोनास उत्तम नकाशा होता. त्यातील मोकळी जागा राखण्यास कोणी उभा राहिला नाही, म्हणून बाग गेली. अथेन्सला नकाशा नव्हता, पण लोकांची हिकमत होती; ज्यावर सर्वांचा हक्क ते राखण्यास कोणी नव्हते, म्हणून सावली गेली. मार्सेलिसला घरेही होती व अहवालही होता. भिंतीची भेग वेळेवर बुजविणारा कोणी नव्हता, म्हणून माणसे गेली. आणि बार्सिलोनाच्या आजच्या स्थितीत भेगही नाही, पडझडही नाही. तरी घराचा उपयोग बदलल्यामुळे राहणारा बाहेर गेला. चारही ठिकाणी जमीन थोडी होती हे खरे. परंतु चारही ठिकाणी जे गेले ते जमीन थोडी होती एवढ्यामुळेच गेले नाही. जे बांधले किंवा योजिले होते त्यावर पहारा राहिला नाही, म्हणून ते गेले.

पालकांस आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, आपली मुले मोठी होऊन जेथे नोकरीस जातील ती शहरे बहुधा अशाच दाटीची असतील. त्यांच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी नगरपालिकेत कारकून, कोणी घरमालक आणि पुष्कळ जण भाडेकरू. इंजिनिअराने सेर्दाप्रमाणे प्रथम मोजावे. कारकुनाने भेगेची तक्रार आलेला कागद गठ्ठ्याच्या तळाशी घालू नये. मालकाने भाड्याबरोबर छपराचीही चौकशी करावी. आणि भाडेकरूने दार अडकू लागले की गप्प न बसता लेखी कळवावे. हॉटेलात पाहुण्यांच्या चादरी बदलणारी बाई पहाटे दोन गाड्या बदलून दुरून येते आणि रात्री उशिरा मुले निजल्यावर घरी पोचते, अशी स्थिती ज्या शहरात येते, त्या शहराने आपल्याच माणसांस बाहेर ठेविले आहे असे समजावे. तिच्यासाठी कामाच्या जवळ, परवडेल अशा भाड्याची, कोरड्या भिंतींची एक खोली राखून ठेवता येते की नाही, यावरून त्या शहराच्या कारभाराची परीक्षा करावी. समुद्रकाठच्या दिव्यांच्या रांगेवरून करू नये.